लाईट आल्यावर पडद्यावर पहिलं काय दिसतं? दूध संकलन यंत्राच्या स्टार्टअप लोगोचं प्रकरण

सकाळचे सव्वासहा. संगमनेर तालुक्यातल्या एका गावचं दूध संकलन केंद्र. पंधरा-वीस जण किटल्या आणि कॅन घेऊन रांगेत उभे. एका ताईंचं दूध काट्यावर ओतलेलं, नमुना फॅटच्या मशीनला लावलेला, आणि लाईट गेली. केंद्रावर बॅटरी होती, पण तिच्यात आता दम राहिला नव्हता. दोन मिनिटांनी लाईट आली आणि आम्ही बनवलेलं यंत्र पुन्हा चालू व्हायला लागलं. पडदा आधी भक्क पांढरा झाला, मग काळा. मग वरच्या डाव्या कोपऱ्यात चार पेंग्विन उमटले आणि त्यांच्याखाली बारीक इंग्रजी अक्षरांच्या ओळी पळायला लागल्या. पुन्हा काळा. सचिवांनी चार-पाच सेकंद वाट पाहिली, "परत हँग झालं" म्हणाले आणि बटण बंद करून पुन्हा चालू केलं.

यंत्र हँग झालंच नव्हतं. ते अर्ध्या वाटेवर होतं.

मी तिथे गेलो होतो तो निराळ्याच तक्रारीसाठी: मागच्या पाळीतल्या शेवटच्या काही नोंदी अधूनमधून गायब होतात. महिनाभर आम्ही पुण्यात भोसरीच्या ऑफिसात बसून डेटाबेसचा कोड चाळत होतो. खरं कारण त्या बटणाच्या आवाजात होतं. यंत्र चालू होताना आमचा प्रोग्राम वीज जाण्याआधीच्या अर्धवट नोंदी मूळ डेटाबेसमध्ये मिसळतो, आणि नेमकं त्याच वेळी कोणीतरी वीज तोडत होतं. मिसळण्याचं ते काम मध्येच तुटलं तरी नोंदी शाबूत राहतील असं आम्ही लिहायला हवं होतं. ती चूक आमची, आणि ती आम्ही लगेच दुरुस्त केली. पण बटणाकडे जाणारा हात तेवढ्याने थांबत नाही. तो थांबवायचं काम पडद्याचं.

तीन महिन्यांपूर्वी हीच यंत्रं दूध संघांना विकणाऱ्या आमच्या ग्राहक कंपनीने एक मागणी लिहून दिली होती: यंत्र चालू होताना आमचा लोगो दिसला पाहिजे. आम्ही ती "दिखाऊ, सवडीने" अशा खान्यात टाकली होती. संगमनेरहून परत येताना मला पटलं की या दोन तक्रारी नव्हत्याच, एकच होती.

यंत्र आणि त्याचं चालू होणं

यंत्र साधं आहे. चार कोअरची एआरएम चिप, ईएमएमसी मेमरी (बोर्डावरच बसवलेली, वीज गेली तरी माहिती धरून ठेवणारी), सात इंची ८०० बाय ४८० पिक्सेलचा पडदा, वजनकाट्याला आणि फॅट-एसएनएफ (एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) मोजणाऱ्या मशीनला जोडायच्या सिरीयल केबल्स, पावती छापायचा छोटा प्रिंटर. आत लिनक्स. वीज मिळाल्यावर आधी चिपमध्ये कोरलेला बूट रॉम जागा होतो. तो बूटलोडरचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा, लहान तुकडा उचलतो, लहान तुकडा मोठा बूटलोडर उचलतो (आमच्याकडे यू-बूट), यू-बूट लिनक्सचं कर्नल, म्हणजे गाभा, उचलतं, कर्नल पहिली प्रोसेस सुरू करतं आणि सगळ्यात शेवटी दुधाचा प्रोग्राम पडद्यावर येतो. आमच्या यंत्रात या सगळ्याला एकोणीस सेकंद लागत होते.

या साखळीतला प्रत्येक जण पडदा नव्याने आपल्या ताब्यात घेतो. आधीच्याने काय काढून ठेवलंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. स्टार्टअप लोगोचं काम चित्र काढण्यात फार थोडं असतं. एकाने काढलेलं चित्र दुसऱ्याने पुसू नये यातच ते बहुतेक असतं. आम्हाला हे पहिल्या दिवशी कळलं असतं तर दोन आठवडे वाचले असते.

पहिला प्रयत्न: पेंग्विनच्या जागी लोगो

सगळेच जण सुरुवात इथून करतात. कोपऱ्यातला पेंग्विन म्हणजे टक्स, लॅरी ईविंग यांनी १९९६ मध्ये काढलेलं लिनक्सचं बोधचिन्ह. कर्नलच्या सोर्समध्ये तो साध्या मजकुरी पीपीएम फाईलच्या रूपात असतो. तिच्या जागी आपली फाईल ठेवायची आणि कर्नल पुन्हा बांधायचं. रंग मात्र २२४ च मिळतात, कारण २५६ रंगांच्या तक्त्यातले पहिले ३२ मजकुराच्या पडद्यासाठी राखलेले असतात.

केलं आणि लोगो आला. तोही चार वेळा, एका रांगेत, कारण कर्नल प्रत्येक कोअरमागे एक चित्र काढतं. ती संख्या एकवर आणता येते, चित्र मध्यभागी नेता येतं, पळणाऱ्या ओळी बंद करता येतात, टिकटिकणारा कर्सर घालवता येतो. हे सगळं जमलं, तरी मूळ दुखणं तसंच राहिलं. कर्नल जागं व्हायच्या आधीचे चार सेकंद पडदा पांढरा-काळा होत राहायचा, आणि माणूस घाबरतो तो त्याच चार सेकंदांत. शिवाय लोगो कर्नलमध्येच शिवलेला असल्यामुळे प्रत्येक दूध संघासाठी वेगळं कर्नल बांधायची वेळ येणार होती. हा रस्ता आम्ही सोडला.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. पळणाऱ्या इंग्रजी ओळींऐवजी एक मराठी ओळ दाखवा असं आमच्यातल्याच एकाने सुचवलं होतं. ते होत नाही. लिनक्सच्या मजकुरी पडद्यावर एका वेळी जास्तीत जास्त ५१२ अक्षरचित्रं बसतात, आणि जोडाक्षरं जुळवणारं, वेलांटी अक्षराच्या आधी नेऊन बसवणारं काहीच त्या पातळीवर नसतं. 'स्थिती' हा एक शब्दसुद्धा तिथे धड उमटत नाही. यंत्र चालू होण्याच्या पहिल्या सेकंदाला मराठीत बोलायचं असेल तर वाक्य आधीच चित्र करून ठेवावं लागतं. म्हणून आमच्या चित्रात लोगोच्या खाली मोठ्या अक्षरांत एक ओळ आली: "मशीन चालू होत आहे, थोडं थांबा." मला विचाराल तर लोगोपेक्षा ती ओळ महत्त्वाची होती.

दुसरा प्रयत्न: बूटलोडर, आणि दोन बाइट

यू-बूटमध्ये चित्र दाखवायची सोय आहेच. बीएमपी फाईल मेमरीत आणायची, तिचा पत्ता एका ठरलेल्या व्हेरिएबलमध्ये लिहायचा, मध्यभागी हवी असेल तर दुसऱ्यात तसं सांगायचं. आम्ही चित्र एका छान गोल पत्त्यावर आणलं, यंत्र चालू केलं, आणि सिरीयल केबलवर 'डेटा अबॉर्ट' अशी ओळ येऊन सगळं जागीच थांबलं. चित्र बदललं तरी तेच, लहान केलं तरी तेच.

कारण कळलं तेव्हा मी कागदावर चौकोन काढून ते सहकाऱ्यांना दाखवलं. बीएमपी फाईलचे पहिले दोन बाइट म्हणजे 'बी' आणि 'एम' ही दोन अक्षरं. त्यांच्यानंतर लगेच फाईलचा आकार येतो, चार बाइटांचा. फाईल चारने पूर्ण भाग जाणाऱ्या पत्त्यावर ठेवली की हा चार बाइटांचा आकडा दोन बाइट पुढे सरकून बसतो, म्हणजे चारच्या रांगेतून निसटतो. आमच्या बोर्डाबरोबर आलेलं जुनं यू-बूट असा निसटलेला आकडा एका दमात वाचायला जायचं, आणि त्या अवस्थेत चिप त्याला नकार द्यायची. उपाय एवढाच की चित्र चारने भाग जाणाऱ्या पत्त्याच्या बरोबर दोन बाइट पुढे ठेवायचं. मग ती दोन अक्षरं रांगेबाहेर पडतात आणि बाकी सगळे आकडे रांगेत येतात. यू-बूटच्या कागदपत्रांत हे स्वच्छ लिहिलेलं आहे. आम्ही ते वाचलं तिसऱ्या दिवशी.

पत्ता दोनने पुढे सरकवला. वीज दिल्यापासून साधारण दीड सेकंदात लोगो मधोमध उभा राहिला. मोबाईलवर संथ गतीचा व्हिडिओ काढून, वीजदिवा पेटल्यापासून चित्र येईपर्यंतच्या फ्रेम मोजून आम्ही ही वेळ काढली. अशा कामाला याहून चांगलं मापन मला माहीत नाही. नुसत्या डोळ्याला पांढरी चमक आणि काळा खंड यांचा क्रमसुद्धा नीट सांगता येत नाही.

पांढरी चमक आणि काळा खंड

चमक हार्डवेअरची निघाली. स्वस्त टीएन पडद्यांना सिग्नल नसेल तर ते प्रकाश आरपार जाऊ देतात. त्यामुळे चित्र यायच्या आधी मागचा दिवा लागला की पडदा पांढरा फटक दिसतो. आमच्या बोर्डवर बॅकलाइट चालू-बंद करणाऱ्या पिनला वर ओढणारा रेझिस्टर होता. वीज आल्यावर चिपच्या पिना काही काळ मोकळ्या असतात, आणि तेवढ्या वेळात तो रेझिस्टर दिवा लावून मोकळा व्हायचा. आमच्या हार्डवेअरच्या सहकाऱ्याने त्याच्या जागी दहा किलोओहमचा, खाली ओढणारा रेझिस्टर बसवला. आता यू-बूट आधी चित्र काढतं आणि मगच दिवा लावतं. गावोगाव आधीच बसलेल्या यंत्रांवर हा बदल केला नाही. तिथे जाऊन बोर्डावर सोल्डरिंग करण्यातला धोका चमकेपेक्षा मोठा होता.

काळ्या खंडाने जास्त छळलं. लोगो यायचा, कर्नल सुरू व्हायचं आणि त्याचा डिस्प्ले ड्रायव्हर सगळं पुसून पडदा पहिल्यापासून मांडायला घ्यायचा. तीन-चार सेकंद अंधार. दिसलेला लोगो जाऊन अंधार होणं हे लोगो न दिसण्यापेक्षाही वाईट. बघणाऱ्याला वाटतं, आलं होतं, पण परत गेलं.

मग आम्ही कर्नलला तो ड्रायव्हर दिलाच नाही. यू-बूट डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे कर्नलला द्यायच्या हार्डवेअरच्या यादीत, लिहून ठेवतं की पडद्याचं चित्र मेमरीत अमुक पत्त्यावर आहे, लांबी-रुंदी एवढी, रंगांची मांडणी अशी. कर्नलमधला 'सिंपल फ्रेमबफर' नावाचा छोटा ड्रायव्हर ते वाचतो आणि काही न पुसता तीच मेमरी पुढे वापरायला देतो. ती जागा राखीव म्हणून नोंदवायला विसरलं तर कर्नल तिथे स्वतःचं सामान ठेवतं आणि लोगोवर रंगीत ठिपक्यांची धूळ उडते. आमच्याकडे एकदा उडालीच.

एवढं करूनही लोगो काही सेकंद टिकून अचानक जायचा, आणि दरवेळी एकाच क्षणाला. लॉग बाजूला ठेवून व्हिडिओ पाहिला. न वापरलेली क्लॉक (चिपच्या एकेका भागाला चालवणारे ठोके) बंद करत आहोत, अशी ओळ कर्नल लिहितं त्याच क्षणी पडदा मरत होता. कर्नलच्या दृष्टीने पडद्याच्या क्लॉकला कोणी मालक नव्हता, म्हणून वीज वाचवायला त्याने ती बंद केली. सिंपल फ्रेमबफरच्या नोंदीत त्या क्लॉकची नावं लिहिली, मालक मिळाला आणि लोगो टिकला. पूर्ण ड्रायव्हर सोडल्याची किंमत आहेच: पडदा झोपवता येत नाही आणि हलती चित्रं थोडी फाटतात. लिटर, फॅट आणि रक्कम दाखवणाऱ्या यंत्राला त्याने काही बिघडत नाही. व्हिडिओ दाखवणाऱ्या यंत्रासाठी मी हा मार्ग सुचवणार नाही.

लोगो येतो कुठून

हा भाग कोणी लिहीत नाही, आणि दर वेळी वेळ खातो तो हाच. पहिल्या संघाचा लोगो व्हॉट्सअॅपवर आला: चौकोनी पांढऱ्या पार्श्वभूमीचा जेपीईजी, कडांना दाबामुळे आलेली मळकट झालर. आम्ही मूळ फाईल मागितली. ती संघाच्या लेटरहेड छापणाऱ्या प्रेसकडून आली, अर्थातच कोरलमध्ये. उघडली तर संघाच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. नाव जुन्या, युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये टाईप केलेलं होतं आणि तो फॉन्ट आमच्याकडे नव्हता. प्रेसवाल्या दादांना फोन केला, "अक्षरं कर्व्ह करून पाठवाल का?", म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या नुसत्या आकृत्या करून. त्यांनी दहा मिनिटांत पाठवली. तेव्हापासून लोगो मागायच्या आमच्या पत्रात पहिली ओळ हीच असते.

पुढची गोष्ट रंगांची. आमचा पडदा एका पिक्सेलला सोळा बिट देतो: पाच लाल, सहा हिरवे, पाच निळे. लोगोत दुधाच्या थेंबामागे गडद निळ्यातून फिक्या निळ्यात जाणारी छटा होती. यंत्रावर तिच्या पट्ट्या पडल्या, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या. रूपांतर करताना डिदरिंग केलं, म्हणजे जवळजवळच्या रंगांचे ठिपके मिसळले, तेव्हा पट्ट्या विरल्या. सपाट रंगांचा लोगो मिळाला तर तोच घ्यावा.

आणि एक दुपार केशरी रंगात गेली. संघाच्या लोगोतला सूर्य केशरी: लाल २५५, हिरवा १५३, निळा ५१. आमच्या यंत्रावर तो आकाशी निळा उगवला. बीएमपी फाईलमध्ये रंगांचा क्रम निळा, हिरवा, लाल असा उलटा असतो, आणि आमच्या रूपांतराच्या स्क्रिप्टने तो सरळ धरला होता. ५१, १५३, २५५ म्हणजे नेमका आकाशी. लाल-निळ्याची अशी अदलाबदल पांढऱ्या, काळ्या आणि हिरव्या रंगांत ओळखूच येत नाही. म्हणून आमच्या चाचणीच्या चित्रात आता एका कोपऱ्यात केशरी चौकोन असतो.

दोन यंत्रं बंद पडली

इथपर्यंत लोगो यू-बूटच्या आत शिवलेला होता. सोय म्हणून आम्ही तो तसा ठेवला: एकच फाईल, सगळं तिच्यात. दुसऱ्या संघाने यंत्रं घेतली आणि त्यांचा लोगो हवा म्हणाले. आम्ही नवीन यू-बूट बांधून विक्रेत्याच्या तंत्रज्ञाला पाठवलं. त्याने सांगितल्याप्रमाणेच सगळं केलं. दोन केंद्रांवर बूटलोडर लिहिला जात असताना लाईट गेली. बूटलोडर अर्धा जुना, अर्धा नवा. यंत्रं पूर्ण मेली, पडद्यावर काहीच नाही.

तंत्रज्ञाची यात तिळभर चूक नव्हती. एका चित्रासाठी यंत्राचा जीव असलेली जागा पुन्हा लिहायला लावणारा निर्णय माझा होता. त्या दोन्ही केंद्रांवर दोन दिवस वहीत नोंदी झाल्या. यंत्रं भोसरीला आणली, चिपच्या बूट रॉमला यूएसबीवरून बोलतं केलं आणि बूटलोडर पुन्हा चढवला. यंत्रं वाचली. पण वहीतल्या नोंदी रात्री बसून यंत्रात भरणाऱ्या सचिवांना काय सांगायचं?

त्याच आठवड्यात मांडणी बदलली. लोगोला ईएमएमसीवर स्वतःची जागा दिली, आणि तीही दोन घरांची. बीएमपी काढून टाकलं. ८०० बाय ४८० पिक्सेल, प्रत्येकी दोन बाइट, म्हणजे ७,६८,००० बाइट. ५१२ बाइटांच्या सेक्टरमध्ये बरोबर १,५०० सेक्टर. त्यांच्या पुढे एका सेक्टरचं शीर्ष: ओळखीचा शिक्का, लांबी-रुंदी, अनुक्रमांक, चेकसम (मजकूर बिघडला का ते सांगणारा आकडा) आणि डिजिटल सही. नवा लोगो नेहमी वापरात नसलेल्या घरात लिहायचा. आधी पिक्सेल, मग वाचून तपासणी, आणि शीर्ष सगळ्यात शेवटी. यू-बूट दोन्ही घरं पाहतं, खरी ठरलेली ठेवतं आणि त्यांतला मोठा अनुक्रमांक निवडतं. दोन्ही खोटी निघाली तर यू-बूटच्या आतलं साधं चित्र येतं, ज्यात कोणाचाही लोगो नाही, फक्त "थोडं थांबा" आहे. लोगोमुळे यंत्र चालू व्हायचं थांबलं असं कुठल्याही वाटेने होता कामा नये, ही एकच अट धरून हे बसवलं.

सगळी पडताळणी आणि रूपांतर ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर होतं. यंत्र फक्त पिक्सेल उचलून पडद्याच्या मेमरीत ठेवतं. दोन बाइटांचं दुखणंही त्याच फटक्यात गेलं.

पेनड्राइव्हचा प्रश्न

ग्राहक कंपनीने मग विचारलं, संघाच्या माणसाने पेनड्राइव्हवर कुठलाही जेपीईजी टाकला आणि यंत्राने तो लोगो म्हणून घेतला, असं करता येईल का? सोयीचं वाटतं. आम्ही नाही म्हटलं, आणि का ते सविस्तर लिहून दिलं.

डिसेंबर २०२३ मध्ये लंडनच्या ब्लॅक हॅट युरोप परिषदेत बायनार्ली कंपनीच्या संशोधकांनी 'लोगोफेल' या नावाने दोषांचा एक गठ्ठाच मांडला. कॉम्प्युटर चालू होताना दिसणारा लोगो वाचणारा, यूईएफआय फर्मवेअरमधला (कॉम्प्युटर सुरू करून देणाऱ्या, बोर्डावरच्या प्रोग्राममधला) कोड त्यांनी तपासला होता. बीएमपी, जीआयएफ, जेपीईजी, पीसीएक्स, टीजीए या फाईली वाचणाऱ्या कोडमध्ये जागोजागी भोकं होती, आणि एएमआय, इन्साइड, फीनिक्स या तिन्ही मोठ्या फर्मवेअर पुरवठादारांच्या कोडमध्ये ती सापडली. मुद्दाम बिघडवलेलं चित्र लोगो म्हणून ठेवलं की ऑपरेटिंग सिस्टीमच्या आधीच हल्लेखोराचा कोड चालू शकत होता, सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेला कोड सुरूच होऊ न देणारी सोय, चालू असतानासुद्धा. अनेक मशीनवर ते चित्र सहीच्या कक्षेबाहेर होतं. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये उजेडात आलेल्या 'बूटकिटी' या लिनक्सवरच्या बूटकिटमध्ये (ऑपरेटिंग सिस्टीमच्या आधी घुसणाऱ्या घातक प्रोग्राममध्ये) यातलाच एक दोष वापरलेला आढळला.

आमच्या यंत्रात यूईएफआय नाही, पण धडा तोच लागू होतो. बूटलोडरच्या पातळीवर सगळे अधिकार खुले असतात, आणि जेपीईजी उलगडणं हे गुंतागुंतीचं काम आहे. अनोळखी फाईलवर ते काम तिथे करायचं नसतं. चेकसम बिघाड ओळखतो, खोडी ओळखत नाही. खोडी ओळखायला सही लागते, म्हणून शीर्षात सही. पेनड्राइव्हवरून लोगो बदलता येतो, पण आम्ही रूपांतर करून सही केलेला. संघाला यासाठी एक दिवस थांबावं लागतं. ग्राहक कंपनीने हे मान्य केलं. यंत्रात शेतकऱ्यांच्या पैशांचा हिशेब आहे, हे त्यांच्या बैठकीत त्यांच्याच एका अधिकाऱ्याने बोलून दाखवलं.

न हलणारं चित्र

एक बाजू आम्ही पाहिलीच नव्हती. पावसाळ्यात एका केंद्रावरून फोन आला: "साहेब, पाऊण तास झाला, थोडं थांबा म्हणतंय." त्या यंत्राची ईएमएमसी खराब झाली होती. लोगो आला, कर्नल अडकलं आणि चित्र तसंच उभं राहिलं. सचिवांनी विश्वास ठेवून वाट पाहिली, रांगही थांबली. आधीचा काळा पडदा निदान खोटं तरी बोलत नव्हता.

तेव्हा चित्राखाली तीन ठिपके आले, आळीपाळीने उजळणारे. पहिला यू-बूट लावतं. पुढचे, पहिल्या प्रोसेसबरोबर सुरू होणारा एक छोटासा प्रोग्राम हलवतो, तेही टप्पा खरोखर पुढे सरकला असेल तरच. टप्पा अडकला की ठिपका अडकतो. साठ सेकंदांत दुधाचा प्रोग्राम आला नाही तर दुसरं चित्र येतं: "मशीन चालू होत नाही. वहीत नोंद करा आणि फोन लावा." तेवढंही करता येऊ नये इतकं यंत्र अडकलं असेल तर वॉचडॉग, म्हणजे अडकलेल्या यंत्रावर नजर ठेवणारा चिपमधला टायमर, ते नव्याने चालू करतो, आणि सलग तीनदा तसं घडलं तर यू-बूट स्वतःच ते दुसरं चित्र लावून थांबतं. फोन नंबर चित्रात घालताना लोगोच्या त्याच शीर्ष-आणि-पिक्सेल मांडणीचा पुन्हा उपयोग झाला: प्रत्येक संघाचं आपापलं चित्र, आपापला नंबर.

चालू व्हायचा वेळही या गडबडीत एकोणीसवरून अकरा सेकंदांवर आला, नको असलेल्या सेवा काढल्यामुळे. ते वेगळं काम आहे, इथे त्यात शिरत नाही.

यंदा उन्हाळ्यात संगमनेरच्या त्याच केंद्रावर गेलो. संघाने बोधवाक्य बदललं होतं, नवा लोगो चढवायचा होता. सकाळची पाळी संपली, पेनड्राइव्ह लावला, पडद्यावर लिहिणं सुरू झाल्याची पट्टी अर्ध्यावर आली आणि लाईट गेली. बॅटरी अजून तीच होती. सचिव माझ्याकडे बघत राहिले. लाईट आली. दीड सेकंद पांढरा-काळा पडदा, मग जुन्या बोधवाक्याचा लोगो, खाली एकेक करत तीन ठिपके आणि मग दुधाचा पडदा, सकाळच्या सगळ्या नोंदींसकट. सचिवांनी बटणाला हात लावला नाही. मी पेनड्राइव्ह काढून पुन्हा लावला.